आहेराची वही मिटून भेट कशी द्यावी आणि कशी घ्यावी

वसईत आपल्या घरी लग्न आटोपले की आहेराची वही निघते. डावीकडे नाव, उजवीकडे रक्कम. पुढे त्या घरी कार्य निघाले की तेच पान शोधून तेवढाच, फार तर ५१ रुपयांनी वाढवून, आहेर फेडला जातो. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांची देण्याघेण्याची रीत घरात आणायची असेल, तर यंदाच्या नाताळात या वहीपासूनच सुरुवात करावी.

आधी कोणाला द्यायचे ते ठरवावे. लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात येशू सांगतो की, मेजवानीला श्रीमंत शेजाऱ्यांना नव्हे, तर ज्यांना फेड करता येणार नाही अशा गोरगरिबांना बोलवावे. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा आद्य ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन इ. स. १९७ च्या सुमारास लिहितो की, ख्रिस्ती मंडळीतला प्रत्येक जण महिन्यातून एकदा, इच्छा व ऐपत असेल तरच, थोडे पैसे टाकतो आणि त्यातून गरिबांचे अन्न व दफन, अनाथ मुले, वृद्ध आणि जहाज फुटून निराधार झालेली माणसे यांची सोय होते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने या शेवटच्या नोंदीपाशी थांबावे. ज्या घरची बोट परतली नाही, ते घर आपल्या यादीत सर्वांत वर असावे.

पैसे ऐन वेळी काढू नयेत. येशूचा प्रेषित संत पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला सांगितल्याप्रमाणे दर रविवारी मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे. ‘डिडाखे’ या प्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेत मागेल त्याला द्यावे असे आहे, पण कोणाला देतो हे कळेपर्यंत दान हातातच घामेजू द्यावे, असेही आहे. तेव्हा चौकशी जरूर करावी, मात्र चारचौघांत नव्हे. द्यायला तिन्हीसांजेला मागील दाराने जावे. तांदळाची पिशवी आणि केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, ठेवावीत, नावाची चिठ्ठी लावू नये, फोटो तर मुळीच काढू नये.

घेणे अधिक अवघड आहे, असे मला मनापासून वाटते. गरज असून घेणारा निर्दोष, गरज नसताना घेणाऱ्याला मात्र जाब द्यावा लागेल, असे ‘डिडाखे’ बजावते. म्हणून गरज असेल तर संकोच न करता घ्यावे, नसेल तर गोड शब्दांत पुढच्या घराकडे वळवावे. आभार कसे मानावेत, हे पौलाकडून शिकावे. तो तुरुंगात असताना फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने आपल्यातल्या एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत पोहोचल्यावर तो अगदी हिशेबाच्या भाषेत कळवतो की, सारे भरून पावले, आणि मला देणगीची नव्हे, तर तुमच्या खाती जमा होणाऱ्या फळाची ओढ आहे. फेडीचे वचन मात्र तो स्वतः देत नाही, देव तुमची गरज पुरवील एवढेच म्हणतो. आपणही वहीत देणाऱ्याचे नाव लिहावे, रकमेचा रकाना कोरा सोडावा आणि त्याच आठवड्यात त्याच्या घरी जाऊन आभार मानून यावे.