कोकणातल्या घराच्या आराखड्यावर स्वतःची वेबसाइट कशी बांधावी

वेबसाइट काढायची म्हटलं की माणूस आधी तयार टेम्प्लेटं चाळत बसतो. मीही बसलो होतो. दाताच्या डॉक्टरची, फोटोग्राफरची आणि केक करणाऱ्या बाईंची साइट तिथे एकसारखीच दिसते: वर भलामोठा फोटो, खाली तीन चौकोन. मला नमुना सापडला तो राजापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात. तांबड्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती, नळ्यांचं छप्पर, पुढे खळं म्हणजे अंगण, मागे आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. पणजोबांनी ओटी-माजघर बांधलं, आजोबांनी पडवी काढली, काकांनी न्हाणी घरात आणली. सगळं एकदम कोणी आखलंच नव्हतं. तुमचं घर देशावरचं असेल तर खळ्याच्या जागी चौक धरा, कृती तीच.

आधी कागदावर घर काढा

संगणक बंद ठेवा. आठवेल तसा घराचा आराखडा काढा आणि प्रत्येक जागेत तिथे काय चालायचं ते लिहा. अनोळखी माणूस कुठपर्यंत यायचा? शेजारीण मागीलदारानेच का यायची? दुपारी वाचत पडायला कुठली जागा? मग शेजारी स्वतःकडे मांडण्यासारखं काय आहे त्याची यादी करा: आजीच्या पाककृती, ट्रेकच्या नोंदी, जुनी पत्रं, वाचलेली पुस्तकं. आता एकेक वस्तू एकेका जागेत ठेवा. एखादी कुठेच बसत नसेल तर बहुधा ती साइटवर नकोच.

खळं म्हणजे पहिलं पान

खळ्यात आल्यावर घर कोणाचं आणि सध्या काय चाललंय हे न विचारता कळतं. दिवाळीनंतर झापांचा मांडव, उन्हाळ्यात वाळत घातलेली आंबोशी आणि आमसुलं, पावसाळ्यात नुसतं शेवाळ. पहिल्या पानावर म्हणून दोनच गोष्टी ठेवा: तुम्ही कोण हे तीन-चार वाक्यांत, आणि सध्या काय करताय हे तारखेसह. ही दुसरी नोंद महिन्यातून एकदा बदला.

आणखी एक पान मी सगळ्यांना सुचवतो, त्याचं नाव ‘वाळत घातलेलं’. अर्धवट टिपणं, न सुटलेले प्रश्न, एखादी अपुरी आठवण तिथे टाकायची. सुकलं की उचलून ओटीवर, म्हणजे पुऱ्या झालेल्या लेखांत न्यायचं. पुरं झाल्याशिवाय काही दाखवायचंच नाही, या हट्टापायी कितीतरी साइट रिकाम्या राहतात.

प्रत्येक खोलीला दोन दारं

आमच्या घरात ओटीवरून माजघरात, तिथून स्वयंपाकघरात, तिथून मागीलदारी आणि बाहेरून वळसा घालून परत खळ्यात येता येतं. पोरं तशीच धावायची. साइटच्या प्रत्येक पानावर निदान दोन दुवे हवेत: एक पहिल्या पानाकडे, दुसरा मजकुराशी नातं असलेल्या दुसऱ्या पानाकडे. फणसाच्या भाजीच्या कृतीतून फणस कोणी लावला त्या गोष्टीकडे जाता आलं पाहिजे. जुन्या लेखांसाठी माळा ठेवा, वर्षवार यादी पुरते.

गडगा घाला

गडगा म्हणजे आवाराभोवतीचं दगडी कुंपण. माजघरातल्या गोष्टी ओटीवर बोलत नाहीत. लहान मुलांचे फोटो, घराचा नेमका पत्ता, जमिनीचे कागद आणि हयात नातेवाइकांच्या भानगडी साइटवर चढवूच नका. ‘दुवा दिला नाही म्हणजे कोणाला सापडणार नाही’ हा भ्रम आहे. मोबाइलवर काढलेल्या फोटोत तो कुठे काढला ते ठिकाणही पुष्कळदा नोंदलेलं असतं, तेवढं आधी पुसा. आणि आत्याचं पत्र छापण्याआधी आत्याला विचारा.

आता बांधकाम

१. संगणकावर एक फोल्डर करा. त्यात साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पहिलं पान एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या खुणांच्या भाषेत, लिहा आणि फाइलला ‘index.html’ नाव द्या. शीर्षक, परिच्छेद, दुवा आणि चित्र यांच्या चार खुणा आल्या की काम सुरू होतं. फाइलींची नावं रोमन लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता.

२. पानाची भाषा मराठी आणि अक्षरसंच ‘यूटीएफ-८’ असल्याचं सुरुवातीलाच नोंदवा, नाहीतर एखाद्या ठिकाणी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं उमटतील.

३. फॉन्ट ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सेरिफ देवनागरी’ घ्या, दोन्ही मोफत वापरता येतात. वेलांट्या-उकारांना श्वास घ्यायला जागा लागते म्हणून ओळींतलं अंतर अक्षराच्या १.७ पट ठेवा.

४. रंग घरातूनच उचला: चुन्याची पांढरी पार्श्वभूमी, दुव्यांना चिऱ्याचा तांबडा. मी हौसेने शेणाने सारवलेल्या जमिनीच्या रंगावर तपकिरी अक्षरं टाकली होती, बाबांना एक ओळ वाचता येईना. अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ हवा, तो मोजणारी साधनं फुकट मिळतात.

५. फोटो १२०० पिक्सेल रुंदीला आणून शक्यतो २०० केबीच्या आत बसवा. गावाकडे रेंज कशी असते ते वेगळं सांगायला नको.

६. फोल्डर ‘गिटहब पेजेस’ किंवा ‘निओसिटीज’ या साइटला जागा देणाऱ्या सेवांपैकी एकीवर चढवा, साध्या साइटला दोन्हीकडे पैसे पडत नाहीत. जागा मात्र दुसऱ्याची आहे हे विसरू नका. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज या अशाच जागा देणाऱ्या सेवेचा अमेरिकेतला भाग बंद केला तेव्हा असंख्य लोकांची घरगुती पानं एका फटक्यात गेली. मूळ फोल्डरची एक प्रत संगणकावर आणि एक पेन ड्राइव्हवर असू द्या.

वर्षातून एकदा शाकारणी

पाऊस सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे नळे उतरवून, झाडून, फुटके बदलून परत बसवतात. साइटलाही मे महिन्यातली एक दुपार द्या. प्रत्येक दुवा दाबून बघा, जुनी माहिती सुधारा, प्रत नव्याने काढा. यंदा माझ्याकडे आठ दुवे मेलेले निघाले. पाच बदलले, तीन काढून टाकले. छपरावरचे नळे मात्र शंभराच्या वर फुटले होते. माकडं.