बाळाला शेंगदाणा आणि अंडे कधी व कसे सुरू करावे

ॲलर्जीच्या भीतीने बाळाला शेंगदाणा आणि अंडे दोन-तीन वर्षे न देण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ अभ्यासात तीव्र इसब, अंड्याची ॲलर्जी किंवा दोन्ही असलेली ६४० बाळे होती. ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू करून नियमित दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. पोटातून आलेले अन्न सोसायला शरीर शिकते. तेच कण इसबाने चिरलेल्या त्वचेतून शिरले तर ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. म्हणून इसबावरचे उपचार मुळीच लांबवू नका.

वरचे अन्न साधारण सहा महिन्यांनी सुरू करा, चार महिन्यांआधी कधीच नाही. मान स्थिर हवी, आधाराने बसता यायला हवे. दूध चालूच ठेवा. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर शेंगदाणा देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. अशा बाळांना तो चार ते सहा महिन्यांदरम्यानच सुरू करणे हिताचे असते, पण आधी तपासणी लागू शकते.

बाळ ठणठणीत असेल असा दिवस निवडा. बिनसाखरेचे मऊ पीनट बटर दोन छोटे चमचे घेऊन दोन-तीन छोटे चमचे कोमट पाण्यात पातळ करा. चमच्याच्या टोकावर येईल एवढेच चाटवा आणि दहा मिनिटे थांबा. काही झाले नाही तर उरलेले सावकाश भरवा, पुढे दोन तास लक्ष ठेवा. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात. अंडे पूर्ण उकडून, कुस्करून द्या. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले नको. एका दिवशी असा एकच नवा पदार्थ द्या.

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो: एकदा सोसले म्हणून निश्चिंत होतात आणि पुढे महिनोन्‌महिने देतच नाहीत. शेंगदाणा आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी पीनट बटरचे दोन छोटे चमचे, चालू ठेवा.

टोमॅटोसारख्या आंबट पदार्थाने तोंडाभोवती येणारी लाली बहुधा ॲलर्जी नसते. अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले तर भरवणे थांबवून डॉक्टरांशी बोला. श्वास लागला, घरघर सुरू झाली, उलट्या थांबेनात किंवा बाळ मलूल पडले तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. तोवर बाळाला आडवे ठेवा, खांद्यावर उभे धरू नका. काही बाळांना पुरळ न येता एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होतात आणि ती पांढरीफटक पडतात. तीही अन्नाचीच ॲलर्जी असू शकते. त्यांनाही ताबडतोब रुग्णालयात न्या.