झोलिंगनची सुरी: निवडायची कशी, धार लावायची कशी

दुकानात जर्मन सुरी हातात घेतली की बहुतेक जण आधी अंगठ्याने धार चाचपतात. धार नंतर बघा. नवी कोरी सुरी पहिल्या दिवशी कापतेच. त्याआधी सुरीचं टोक समोर आणि पाठ वर येईल अशी धरा आणि मुठीपासून टोकापर्यंत नजर फिरवा. चांगल्या घडीव सुरीची पाठ मुठीपाशी तीन मिलिमीटरच्या आसपास भरते आणि टोकाकडे सलग निमुळती होत जाते. मग टोकाच्या बाजूने बघा: पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही अंगांनी उतार सारखा येतो का, की धारेच्या वर सेंटिमीटरभर अंग तसंच जाड राहिलंय? जाड राहिलं असेल तर ठेवून द्या, मग त्यावर कुठलंही नाव कोरलेलं असो.

मी ड्युसेलडॉर्फला राहतो. त्याआधी कोल्हापूरला हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम केलंय, त्यामुळे पोलाद हा माझा जिव्हाळ्याचा विषय. सुऱ्यांसाठी नावाजलेलं झोलिंगन शहर इथून लोकल गाडीने जवळ आहे. सुट्टीला भारतात जाणारे मित्र दरवर्षी विचारतात, ‘आईसाठी सुरी न्यायचीय, कुठली घेऊ?’ सगळ्यांना मी एकच सांगतो: घणाकडे बघून सुरी घेऊ नका, ग्राइंडिंगकडे, म्हणजे चाकावर पातं घासून पातळ करण्याच्या कामाकडे बघून घ्या. घडाईने पोलादाला आकार आणि बळकटी येते. सुरी भाजीतून कशी जाणार हे ठरवतो ग्राइंडिंग करणारा.

आता ‘हाताने घडवलेली’ म्हणजे नेमकं काय तेही समजून घ्या. ऐरणीवर लोहार हातोडा मारतोय असं चित्र डोळ्यासमोर येतं. झोलिंगनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घडाई साच्यात होते. हेन्ड्रिक्स हा तिथला जुना घडाई कारखाना 1886 साली सुरू झाला आणि 1986 साली बंद पडला. आता त्याचं संग्रहालय झालंय आणि घण अजून चालवून दाखवतात. तिथे कात्रीची पाती घडतात, पण रीत सुरीचीच. पोलादाची कांब लालभडक तापवतात, चिमट्याने खालच्या साच्यावर ठेवतात आणि वरचा अर्धा साचा घेऊन घण खाली येतो. घाव पडला की पायाखालची जमीन हलते. साच्याबाहेर आलेली पोलादाची पातळ झालर मग दाबयंत्रावर कापून काढतात. सुरीच्या बाबतीत पातं, मुठीलगतचा जाड गळा आणि मुठीतून शेवटपर्यंत जाणारी पट्टी असं सगळं एकाच तुकड्यातून निघतं, कुठेही जोड नसतो. ‘घडीव’ या शब्दाचे पैसे आपण या गोष्टीसाठी मोजतो.

पोलाद बहुतेक ठिकाणी एकच असतं. पात्यावर ‘एक्स 50 सीआर एमओ व्ही 15’ असं कोरलेलं दिसलं तर समजा कार्बन अर्धा टक्का, क्रोमियम पंधरा टक्के आणि थोडं मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम. क्रोमियममुळे गंज लांब राहतो. हजार अंशांच्या वर तापवून पाणी देतात, म्हणजे झटकन गार करतात. त्या क्षणी पातं काचेसारखं ठिसूळ असतं. नंतर दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून ताण उतरवतात. शेवटी कडकपणा रॉकवेलच्या मापात 56 ते 58 भरतो. जपानी सुऱ्या बऱ्याचदा साठच्या वर असतात. त्यांची धार जास्त टिकते, पण हाडावर किंवा सुपारीवर घाव बसला की दाते पडतात. जर्मन सुरीची धार तुटण्याआधी वळते, आणि वळलेली धार घरीच सरळ करता येते. आपल्या स्वयंपाकघरात एकाच सुरीने कोथिंबीरही चिरतात, सुरणही कापतात आणि नारळाच्या भकलातलं खोबरंही सोडवायला जातात. तिथे मला हा गुण मोलाचा वाटतो. (खोबरं सोडवायला मात्र बोथट चमचाच घ्या.)

आणि आता ग्राइंडिंग. झोलिंगनला सुऱ्या-तलवारींचा धंदा रुजला त्यात वुपर नदी आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांचा मोठा वाटा. पाण्यावर चाकं फिरायची आणि त्यांवर वाळूच्या दगडाचे प्रचंड गोटे. नदीकाठच्या या घासकाम-घरांपैकी विपरकोटेन आणि बाल्कहाउझर कोटेन आजही बघता येतात. हे काम मानाचं होतं, पण दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन कित्येक कारागीर अकाली गेले. म्हणूनच बारीक घासलेलं पातं हातात आलं की त्यामागची माणसं मला आठवतात. लोहार, पाणी देणारे, घासणारे, मुठी बसवणारे असे कामाचे वेगळे वर्ग तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आले. ग्राइंडिंग शिकायला वर्षं जातात, कारण पाणी दिलेलं पातं चाकावर जरा जास्त दाबलं की तापतं, निळं पडतं आणि तिथला कडकपणा कायमचा जातो.

या कामाची एक जुनी परीक्षा आहे, ती घरीही करता येते. सुरी अंगठ्याच्या नखावर आडवी टेका, धारेलगतचा भाग नखावर येईल अशी, आणि अगदी हलका दाब द्या. पातं सरकवू नका. उजेडाकडे तोंड करून धारेकडे बघा. खरं बारीक घासलेलं असेल तर नखाच्या जागी धार केसभर लवलेली दिसते आणि दाब काढला की परत सरळ होते. लवते म्हणजे पातळ आहे, परत येते म्हणजे पाणी नीट दिलंय. मोठ्या जाड सुरीत असं दिसणार नाही, त्या सुरीचं काम वेगळं. पण छोट्या, नऊ-दहा सेंटिमीटरच्या सुरीत हे दिसायला हवं. तिथल्या काही उत्तम छोट्या सुऱ्या घडीव नसतातच, पत्र्यातून कापलेल्या असतात आणि नुसत्या घासकामावर नाव राखून आहेत. त्यांना कमी लेखू नका.

दुकानात नख टेकवून देत नसतील तर घरी आणल्यावर गाजर घ्या. जाड, ताजं, कच्चं गाजर मधोमध आडवं कापा आणि कान द्या. धार मध्यावर पोचायच्या आत ‘टच्’ आवाज होऊन गाजर फाटलं, तर पातं पाचरीसारखं काम करतंय, म्हणजे जाड आहे. आवाज न होता सुरी पाटाला टेकली आणि कापलेला भाग गुळगुळीत दिसला, तर माल चांगला. पावती असेल तर दुसऱ्याच दिवशी परत करता येतं, म्हणून ही परीक्षा लांबवू नका.

विकत घेताना आणखी तीन जागा बघा. पहिली, मुठीलगतचा जाड गळा. काही सुऱ्यांत तो थेट धारेपर्यंत उतरतो. दिसायला भक्कम वाटतो, पण दगडावर धार लावताना तो झिजत नाही आणि बाकीची धार झिजते. पाच-सात वर्षांत टाचेजवळ, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकाशी, खाच पडते आणि सुरी पाटावर पूर्ण टेकेनाशी होते, कोथिंबिरीच्या काड्या अर्धवट चिकटून राहतात. म्हणून गळा अर्ध्यावर थांबलेली सुरी घ्या. व्ह्यूस्टहोफ या झोलिंगनच्या कंपनीची ‘क्लासिक’ आणि ‘क्लासिक आयकॉन’ शेजारी ठेवून बघितल्या की फरक लगेच कळेल: पहिलीत गळा खालपर्यंत येतो, दुसरीत येत नाही. दुसरी जागा, मूठ. मधली पोलादी पट्टी आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या यांच्यावरून नख फिरवा. नख कुठेही अडकता कामा नये. फट असेल तर तिथे पाणी शिरणार. तिसरी, नाव. ‘झोलिंगन’ हा शब्द कुणालाही कोरता येत नाही. 1938 पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. महत्त्वाची सगळी कामं झोलिंगन शहरात किंवा लगतच्या हान गावात झालेली असली तरच तो शब्द वापरता येतो. नुसतं ‘जर्मन स्टील’ लिहिलेलं असेल तर पोलाद जर्मन असेल, पण सुरी कुठेही बनलेली असू शकते.

माप विचाराल तर घरासाठी वीस सेंटिमीटरची एक आणि नऊची एक, बस. हात लहान असेल तर सोळाची. लाकडी ठोकळ्यातला बारा सुऱ्यांचा संच मी कुणालाच सुचवत नाही. त्यातल्या दोनच वापरात राहतात.

वापरताना सवय थोडी बदलावी लागते. विळीवर भाजी धारेकडे जाते, इथे धार भाजीकडे. पात्याचं पोट गोलसर असल्यामुळे टोक पाटावर टेकवून टाच खालीवर करत पुढे सरकवा, वरून आपटू नका. मूठ पूर्ण मागे धरण्यापेक्षा अंगठा आणि तर्जनीने पात्यालाच गळ्यापुढे चिमटीत धरा, ताबा लगेच वाढतो. पाट लाकडाचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा घ्या. काच, ग्रॅनाइटचा ओटा किंवा स्टीलच्या ताटात कापणं म्हणजे एका दिवसात धार घालवणं. चिरलेली भाजी गोळा करायची तर सुरी उलटी करून पाठीने ओढा. फणस कापताना पात्याला आधी तेल लावा. सुरमईचा मधला काटा, गोठलेलं मटण आणि नारळ यांना ही सुरी लावू नका.

धारेची निगा दोन प्रकारची आहे आणि बहुतेक जण दोन्हींची गल्लत करतात. रोजच्या कामाने धार झिजते कमी आणि वळते जास्त. ती सरळ करायला पोलादी सळई असते. सळई पाटावर उभी टेकवा, सुरी साधारण पंधरा अंशांत लावून टाचेपासून टोकापर्यंत हलकेच ओढा, चार-पाच वेळा एका बाजूने, तितक्याच वेळा दुसऱ्या बाजूने. दाब फक्त सुरीच्या वजनाचा. टीव्हीवर हवेत सपासप फिरवतात तसं करून काही मिळत नाही.

सळईने धार परत येईनाशी झाली की दगड काढायचा. घरच्या वापरात वर्षातून दोन-तीनदा पुरतं. पाण्यावर चालणारा 1000 नंबरचा दगड आणि नंतर 3000 चा (नंबर मोठा तितका दगड बारीक). कोन कसा धरायचा ते सांगतो. वीस सेंटिमीटरच्या सुरीचं पातं साधारण 45 मिलिमीटर रुंद असतं. पंधरा अंशांसाठी त्याची पाठ दगडापासून 12 मिलिमीटरच्या आसपास वर हवी. दोन युरोची पाच नाणी एकावर एक ठेवली की 11 मिलिमीटर होतात. ती रास पाठीखाली एकदा लावून उंची डोळ्यात भरून घ्या आणि मग नाणी काढून टाका. एका बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीवर बर, म्हणजे धारेवरून पलीकडे वळून आलेली पोलादाची बारीक कड, जाणवत नाही. बोट धारेवरून आडवं, बाहेरच्या दिशेने नेलं की ती खरखर लागते. टोकाजवळ बहुधा सगळ्यात शेवटी येते, तिथे मूठ किंचित उचला. मग बाजू बदला. शेवटी दाब कमी करत करत बारीक दगडावर बर काढून टाका.

अशी पाच-सहा वर्षं धार लावली की सुरी दाढी करण्याइतकी तिखट असूनही गाजर पुन्हा ‘टच्’ करायला लागतं. कारण धार वर वर सरकत पात्याच्या जाड भागात आलेली असते. तेव्हा सुरी दगडावर जवळजवळ आडवी, चार-पाच अंशांत धरून धारेच्या वरचं अंग पातळ करावं लागतं. वेळ लागतो आणि पात्यावर ओरखडे दिसतात, पण सुरी पुन्हा नव्यासारखी चालते. हे घरी जमणार नसेल तर सुरी बनवणाऱ्याकडेच पाठवा. तिथले बरेच कारखाने जुन्या सुऱ्या परत घासून देतात.

धुवायची हातानेच, लगेच, आणि कोरडी करून ठेवायची. डिशवॉशरमधल्या मिठाने आणि उष्णतेने या पोलादावरही बारीक खड्डे पडतात, लाकडी मूठ फुटते ती वेगळीच. जुन्या पद्धतीची साध्या कार्बन पोलादाची सुरी घेतली असेल तर कैरी, लिंबू, चिंच यांनी ती काळी-निळी होईल. घासून पांढरी करत बसू नका, तो थर गंजापासून थोडं संरक्षणच देतो. कापता कापता फडक्याने पुसत राहा.

भारतात नेताना सुरी चेक-इन बॅगेत, पुठ्ठ्याच्या म्यानात. आणि आईला एवढं सांगून ठेवा: दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे ही सुरी द्यायची नाही. त्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात आणि पातळ धार क्षणात तापते. आधीच दिली गेली असेल तर धारेच्या कडेला निळसर किंवा तपकिरी डाग दिसतात का ते उजेडात बघा. डाग असेल तेवढा भाग मऊ पडलाय. नुसती धार लावून तिथे टिकणार नाही, डाग संपेपर्यंत तेवढं पोलाद 1000 च्या दगडावर, पाणी घालत, सावकाश घासून काढावं लागेल.