घरचं वायफाय नीट लावायचं तर

ब्रॉडबँडवाला येऊन कनेक्शन चालू करून देतो, मोबाईलवर व्हिडिओ चालला की आपण खूश, आणि राऊटरकडे परत कुणी बघतच नाही. खरं काम तर तिथूनच सुरू होतं. राऊटर उलटा करून स्टिकर बघा, त्यावर लॉगिनचा पत्ता असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो ब्राउझरमधे टाकला की सेटिंगचं पान उघडतं. आता इथे पासवर्ड दोन असतात, एक वायफायचा आणि दुसरा ह्या पानाचा. बहुतेक लोक पहिला बदलतात आणि दुसरा 'अ‍ॅडमिन' तसाच ठेवतात, मग वायफायवर आलेला कुणीही आत शिरून डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधून देणारी सोय) बदलू शकतो, म्हणजे तुम्ही बँकेचा पत्ता टाकाल आणि भलतंच पान समोर येऊ शकतं. ब्राउझरने सर्टिफिकेटची (साइटच्या ओळखपत्राची) वॉर्निंग दिली तर पुढे जाऊच नका. दोन्ही पासवर्ड बदला, वेगवेगळे आणि लांबलचक ठेवा.

तिथेच सिक्युरिटी, म्हणजे वायफायच्या कुलपाचा प्रकार, डब्ल्यूपीए३ करा, जुने फोन जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए२ चालेल, जुनं, सहज फुटणारं डब्ल्यूईपी अजिबात नको. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वायफाय जोडायची सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून इंटरनेटवरून सेटिंग बदलायची सोय) बंद करा. फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट दिसलं तर टाकून घ्याच. पाहुण्यांना आणि घरातल्या कॅमेऱ्याला गेस्ट नेटवर्क, म्हणजे मुख्य वायफायपासून वेगळं ठेवलेलं वायफाय, द्या.

स्पीड कमी वाटला तर तक्रारीआधी लॅपटॉप केबलने राऊटरला जोडून बघा, केबलवर पूर्ण येत असेल तर अडचण वायफायची आहे, मग राऊटर कपाटातून बाहेर काढा, जवळ बसत असाल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड वापरा, भिंतीपलीकडे २.४ बरं चालतं.