कोकणातील गुन्ह्यांच्या आकडेवारीचा नकाशा कसा करावा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातील जिल्हावार तक्ते प्रथम सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या मजकुराच्या) स्वरूपात साठवावेत आणि क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मुक्त प्रणालीत जिल्ह्यांच्या सीमांचा थर उघडून त्याला ते जोडावेत. ही जोडणी नावावरून न करता जिल्ह्याच्या संकेतांकावरून करावी, कारण आपला रायगड आणि छत्तीसगडचा रायगढ इंग्रजी तक्त्यांत सहज एकमेकांत मिसळतात.

खरी मेख मात्र हद्दीत आहे. तक्त्यांतील ‘जिल्हा’ हा पोलिसांचा असतो, महसुलाचा नव्हे. पनवेल आणि उरण महसुली दृष्ट्या रायगडात असले, तरी ते नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे येतात, त्यामुळे रायगड पोलिसांच्या गुन्ह्यांना संपूर्ण जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागल्यास दर फसवा कमी दिसतो. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाल्याने त्याआधीच्या वर्षांशी तुलना करताना दोन्ही एकत्र धरावेत.

रंग एकूण संख्येवर नव्हे, तर दर लाख लोकसंख्येमागील प्रमाणावर द्यावेत. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या सिंधुदुर्गात चार-दोन खुनांनीही हा दर हेलकावतो; तेथे तीन वर्षांची सरासरी घेणे बरे. शिवाय, नोंद झालेला गुन्हा म्हणजे घडलेला प्रत्येक गुन्हा नव्हे, हे नकाशाच्या तळटिपेत लिहावे.