‘न्यूज’ची फोड चार दिशांत करू नका: शब्दाचा उगम शिकताना-शिकवताना या चुका टाळा

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये फिरणाऱ्या सामान्यज्ञानाच्या टिपणांत ही ओळ बहुधा सापडतेच: न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चारी दिशांनी येते ती बातमी. ओळ चटकन पाठ होते, पण ती खोटी आहे आणि मुलांच्या वहीत ती जाऊ नये.

‘न्यू’ म्हणजे नवा. त्याला अनेकवचनाचा ‘एस’ लागून ‘न्यूज’ झाला. मूळ अर्थ ‘नव्या गोष्टी’. त्याच अर्थाच्या जुन्या फ्रेंच आणि लॅटिन अनेकवचनी शब्दांचा नमुना इंग्रजीपुढे होता. जुन्या इंग्रजी लेखनात हा शब्द एन-ई-डब्ल्यू-ई-एस असाही दिसतो. आता त्यातल्या दुसऱ्या ‘ई’ची दिशा कोणती सांगणार?

आद्याक्षरे जुळवून शब्द घडवण्याची रीत मुख्यतः 20व्या शतकातली. ‘रडार’ आणि ‘लेझर’ खरोखर तसे बनले. त्यामुळे कुठल्याही शब्दाचा फुल फॉर्म कुणी सांगितला, तर आधी तो शब्द किती जुना आहे ते पाहा. शतकानुशतके वापरातल्या शब्दाचा फुल फॉर्म जवळजवळ नेहमी मागाहून रचलेला असतो. ‘पोलीस’चे तेच झाले आहे. सद्गुणांची यादी लावून त्याचे फुल फॉर्म सांगतात. प्रत्यक्षात तो नगर या अर्थाच्या ग्रीक ‘पोलिस’पासून लॅटिन आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. खातरजमेसाठी मोठ्या इंग्रजी शब्दकोशातला उगमाचा भाग वाचा. नुसता अर्थ पाहून कोश मिटू नका.

दुसरी चूक अभिमानापोटी होते: ‘न्यू’ संस्कृत ‘नव’वरून आला, असे सांगितले जाते. नाते आहे, पण ते भावंडांचे. संस्कृत ‘नव’, लॅटिन ‘नोवुस’ आणि इंग्रजी ‘न्यू’ हे तिन्ही एका अधिक प्राचीन इंडो-युरोपीय मुळापासून निघाले. मराठीत ‘नवा’ संस्कृत-प्राकृतातून आला, इंग्रजीत ‘न्यू’ जर्मानिक शाखेतून.

परीक्षेत गुण जातात ते मात्र व्याकरणात. आपण ‘बातम्या आल्या’ म्हणतो, म्हणून हात ‘न्यूज आर’ लिहून जातो. 16व्या-17व्या शतकातल्या इंग्रजीत तसे अनेकवचन चालत असे. आज ‘न्यूज इज’च बरोबर. रूप अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी, हे मराठवाड्यातल्या वर्गात समजावणे सोपे आहे. निजामाच्या राजवटीत, म्हणजे सप्टेंबर 1948 पर्यंत, इथला कारभार उर्दूत चाले आणि ‘अखबार’ हा शब्द घरोघरी ऐकलेला आहे. अरबीत ‘अखबार’ हे ‘खबर’चे अनेकवचन. तरीही ‘अखबार आया’ असेच म्हणतात आणि कुणाला खटकत नाही.

‘न्यूज’ मोजताही येत नाही. ‘अ न्यूज’, ‘टू न्यूज’, ‘न्यूजेस’ तिन्ही चूक. एक बातमी सांगायची असेल तर ‘आय हॅव सम न्यूज’ किंवा ‘अ पीस ऑफ न्यूज’. दोन असतील तर ‘टू पीसेस ऑफ न्यूज’. वर्तमानपत्रातल्या बातम्या मोजायच्या असतील तर ‘टू न्यूज आयटम्स’ लिहा. ‘मेनी न्यूज’ऐवजी ‘अ लॉट ऑफ न्यूज’.