कोकणातल्या कुणग्यांसाठी (भातखाचरांसाठी) मिनी ट्रॅक्टर निवडताना

शोरूममध्ये जाण्याआधी टेप घेऊन पाणंदीत जा. गडग्यातलं बेडं (दगडी कुंपणातलं फाटक), वळण आणि दोन कलमांमधली वाट, यांतली सर्वांत अरुंद जागा मोजा. रोटाव्हेटर लावून ट्रॅक्टरची जी रुंदी होते, तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली पाहिजे. आंब्याच्या फांद्या खाली असतील तर एक्झॉस्ट आडवा असलेलं मॉडेल बघा.

भात आणि बाग दोन्ही असेल तर १८ ते २८ एचपी पुरते, पण फोर व्हील ड्राइव्हच घ्या. चिखलणीत टू व्हील रुततो, मग बाहेर काढायला दुसरा ट्रॅक्टर लागतो. कुणगे लहान आणि उतरणीला असतील तर मात्र पॉवर टिलरच बरा. बांध चढताना ट्रॅक्टर उलटण्याचा धोका फार मोठा.

जुना घेताना इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर सुटतच राहिला तर ऑइल जळतंय. पुढच्या एक्सलचा ड्रेन प्लग थोडा सैल करून तेल बोटावर घ्या: दुधाळ दिसलं तर सील गेलंय, चिखलणीचं पाणी आत शिरलंय आणि बेअरिंग-गिअरही खराब झालेले असू शकतात. समुद्राजवळच्या गाडीत वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवट गंज बघाच. आरसीवर बँकेचा बोजा नाही ना, हे पैसे देण्याआधी तपासा.

आणि मेकॅनिक? जूनमध्ये दोन दिवसांत बांधावर येणारा हवा. तो नसेल तर स्वस्त ट्रॅक्टरही महाग पडतो.